दगडी भिंतींचं यात्रीनिवास

लातूरला मी ज्या इमारतीत राहत होते, तिथं माझ्या खोलीला एकच खिडकी होती. ती उघडून हात लांब केला की समोरच्या इमारतीच्या भिंतीला टेकायचा. खाली मेस, वर कोचिंगला आलेल्या मुलींचं हॉस्टेल, आणि मधल्या मजल्यावर कोपऱ्यातल्या दोन खोल्या माझ्या. एकीत ऑफिस, दुसरीत बिऱ्हाड. बिऱ्हाड म्हणजे एक पलंग, एक गॅस आणि मी.

गाव त्या वर्षांत नुसतं वाढत होतं. बाहेरगावची पोरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला लातूरला यायची आणि त्यांना ठेवायला जागा पुरायची नाही. मी आर्किटेक्ट. माझ्याकडं येणारा प्रत्येक मालक तेच म्हणायचा, "मॅडम, याच प्लॉटात आणखी चार खोल्या बसवा." मी बसवायचे. दिवसभर कागदावर खोल्या बसवायच्या आणि संध्याकाळी त्यांच्यासारख्याच एका खोलीत येऊन ट्यूब लावायची. मुली जिन्यातून जाता-येता "काकू" म्हणून हसायच्या, तेवढंच कुणाशी बोलणं. काही दिवस असे जायचे की स्वतःचा आवाज मला मालकांशी फोनवरच ऐकू यायचा.

अशा एका दुपारी नांदेडचे एक म्हातारे डॉक्टर माझ्या दारात उभे राहिले. नातीला वरच्या हॉस्टेलमध्ये ठेवायला आले होते. छातीच्या आजारांचे डॉक्टर, आता प्रॅक्टिस कमी केलेली. अंगात पांढरा झब्बा, जिने चढल्यामुळं जरा धाप.

"पाटी वाचली बाहेर," ते म्हणाले. "तुम्ही घरं काढता ना? मग एक सांगा. वरच्या खोल्यांत वारा कुठून येतो?"

"येत नाही," मी म्हणाले.

ते हसले आणि न विचारताच खुर्चीवर बसले. "चला, कुणीतरी खरं बोललं."

नातीला त्यांनी तिथं ठेवलं नाही, एका ओळखीच्या घरी ठेवलं. पण मला मात्र त्यांनी त्या दिवशी काम देऊ केलं. नांदेडजवळ विष्णुपुरीला, धरणाच्या पाण्याच्या काठाला त्यांची वडिलोपार्जित जमीन होती. तिथं त्यांना यात्रीनिवास बांधायचं होतं. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला देशभरातून माणसं येतात आणि बरीचशी म्हातारी असतात. "बरी येतात आणि लॉजवर राहून आजारी पडतात," डॉक्टर म्हणाले. "मग माझ्याकडं येतात. औषध मी देतो, पण बिमारी त्या खोलीत असते. मला खोली बदलायची आहे."

"कशी हवी?"

"आपली जुनी घरं होती तशी. जाड दगडी भिंती, मधे चौक, भोवती ओसरी. मे महिन्यातसुद्धा गार. लहानपणी मी असल्या घरात वाढलोय, कुणाला दमा नव्हता."

मी त्यांना नाही म्हणाले. कारण सांगितलं नाही. दुसरा कुणी तरुण आर्किटेक्ट सुचवला. त्यांनी मी मेसमधून मागवलेला चहा संपवला आणि एकदा येऊन जागा तरी बघा, असं म्हणून निघून गेले.

कारण असं होतं. आमचं गाव किल्लारीच्या शेजारचं. भूकंप झाला तेव्हा मी बारावीला लातूरला होते, एका बाईंच्या घरी खोली घेऊन. सकाळी जीप मिळेल तशी पकडून आम्ही त्या भागातली पोरं-पोरी गावाकडं निघालो. गावात पोचले तेव्हा गल्ली कुठली हेच कळेना. आमच्या घराच्या जोत्यावर माझे वडील, आबा, बसले होते. अंगावर, केसांत, पापण्यांवर पांढरी माती. त्यांच्या शेजारी चादर पांघरलेली माय होती. मी भावंडांशिवाय वाढलेली, त्यामुळं रडायला त्या दिवशी आम्ही दोघंच होतो, आणि आबा रडले नाहीत.

आमचं घर माळवदाचं होतं. म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती, त्यावर लाकडी तुळया आणि तुळयांवर मातीचं सपाट छप्पर. त्या भागात सगळ्यांचीच घरं तशी. डॉक्टरांना जे गार घर आठवत होतं, ते मला फक्त ढिगारा म्हणून आठवत होतं.

तरी मी विष्णुपुरीला गेले. कशी गेले हे आता नीट सांगता येणार नाही. रविवार होता, मेस बंद होती आणि त्या खोलीत दिवस काढायचा कंटाळा आला होता, एवढंच खरं कारण असेल.

डॉक्टरांनी जागेवर न्यायच्या आधी मला एका आजारी माणसाकडं नेलं. स्टेशनच्या मागचं एक लॉज. तिथं पंजाबातून आलेले एक आजोबा पलंगावर पाठीशी गाठोडं घेऊन बसले होते, कारण आडवं झालं की खोकला यायचा. खोलीत बुरशीचा वास. कूलरचं पाणी भिंतीवर उडून रंग फुगलेला. खिडकीला मागून कुणीतरी पत्रा ठोकलेला. डॉक्टर त्यांची छाती तपासत होते, तोवर त्यांची बायको माझ्याशी बोलत राहिली. "इतनी दूर आए दर्शन करने," ती म्हणाली, "और चार दिन से बस ये दीवार देख रहे हैं."

मी त्या भिंतीकडं पाहिलं. ती माझ्या खोलीतलीच भिंत होती. मी रोज तीच बघत होते, फक्त मला विचारणारं कुणी नव्हतं.

मग आम्ही जागेवर गेलो. समोर धरणाचं पसरलेलं पाणी, काठाला बाभळी, वारा मोकळा. डॉक्टर चालत चालत बोलत होते, इथं चौक, इथं हौद नको, डास होतात. मी ऐकत नव्हते. मला एकदम आमच्या घरातलं साणं आठवलं होतं. साणं म्हणजे माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं हातभर भोक. पाऊस आला की त्याच्यावर परात पालथी घालायची. त्यातून उन्हाचा एक गोल जमिनीवर पडायचा आणि दिवसभर सरकत जायचा. माय तांदूळ निवडायला त्या गोलात सूप घेऊन बसायची आणि ऊन सरकलं की ती पण सूप घेऊन सरकायची. बाहेर लाही फुटत असायची आणि आत तिच्या पायाखालची सारवलेली जमीन गार असायची. इतक्या वर्षांत मायचं तोंड आठवलं की चादर आठवायची. त्या दिवशी पहिल्यांदा ती मला बसलेली, काम करत असलेली दिसली.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"ऊन लागलं," मी म्हणाले. आणि काम घेतलं.

लातूरला परत येऊन मी आमचं घर कागदावर काढायला बसले. चौक आला, ओसरी आली, चूल आली, मायचा कोनाडा आला. धान्याच्या खोलीचं दार कुठं उघडत होतं ते मात्र आठवेना. विचारायला जगात एकच माणूस होता.

आबा नव्या गावात राहायचे. भूकंपानंतर सरकारनं वसवलेलं गाव, मूळ गावापासून बरंच लांब. घरं पक्की, रांगेत, मधे रुंद रस्ते. पडणार नाहीत अशी घरं. पण पूर्वी ओसरीत बसलं की शेजारच्या घरातली फोडणी कानावर यायची आणि आता शेजाऱ्याला हाक मारायची तर उठून चालत जावं लागायचं. हळूहळू माणसांनी हाका मारणं सोडलं. आबांनी तर घरात झोपणंही सोडलं होतं. बाहेर पत्र्याचं छप्पर टाकून तिथंच खाट ठेवली होती. घरात फक्त भांडी आणि कपडे. मी महिन्यातून एकदा जायचे. आम्ही जेवायचो, ते पिकांचं सांगायचे, मी कामाचं सांगायचे. मायचं नाव आमच्यात निघायचं नाही.

जेवण झाल्यावर मी विचारलं, "आबा, आपल्या धान्याच्या खोलीचं दार ओसरीत उघडायचं का चौकात?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "कशाला पायजे?"

मी सांगितलं. यात्रीनिवास, डॉक्टर, आजारी माणसं, जुन्या पद्धतीचं बांधकाम.

"दगडाचं?"

"हो. पण तसं नाही आबा, भिंतीत काँक्रीटचे पट्टे असतील, कोपरे बांधलेले असतील, वर..."

"त्या दगडाखालून तुझ्या मायला काढलंय म्या," ते म्हणाले. आवाज चढला नाही. "ह्या हातानं. अन् तू शिकून सवरून तेच रचायलीस?"

मी काही बोलायच्या आत ते उठले, चप्पल घातली आणि शेताकडं निघून गेले. संध्याकाळ झाली तरी आले नाहीत. मी भाकरी झाकून ठेवली आणि त्यांच्या रिकाम्या खाटेकडं बघत बसले. परत जावं असं वाटत होतं, पण शेवटची गाडी निघून गेली होती.

सकाळी मी निघायची तयारी करत होते. आबा टोपी घालून दारात उभे होते.

"चल," ते म्हणाले.

जीपनं आम्ही जुन्या गावच्या फाट्याला उतरलो. तिथून चालत. भूकंपाच्या त्या दिवसानंतर मी तिथं कधी गेले नव्हते. ते जात होते हे त्यांच्या चालण्यावरून कळलं, कारण बाभळी-बोरींच्या त्या रानात त्यांना एकदाही थांबावं लागलं नाही. एका जोत्यापाशी येऊन त्यांनी काठी टेकली.

"हितं ओसरी. हितं चौक. अन् दार चौकात उघडायचं. उंदरं लई, म्हणून तुझ्या मायनं तिकडून बदलून घेतलं हुतं. तू ल्हान हुतीस."

मी वहीत काहीच लिहिलं नाही. ते जोत्यावर बसले, मी त्यांच्या शेजारी. मग ते बोलायला लागले, माझ्याकडं न बघता.

"त्या साली गळायलं हुतं. दरसाली आपण माळवदावर मातीचा थर टाकायचाव. तुझी माय म्हणली, औंदा नगं, तुळया वाकल्यात, जुनी माती काढा अन् मग टाका. मी म्हणलं, काढायला टाइम कुणाला हाय? गाडीभर पांढरी माती आणली अन् वर टाकली."

मला हे शिकवलेलं होतं. वर्षानुवर्षं चढत गेलेलं छपराचं ओझं, भिंतीच्या दोन थरांना सांधणारे आरपार दगड नसणं, पावसानं ढिली झालेली माती. मी त्यावर परीक्षेत उत्तर लिहिलं होतं. पण आबा इतकी वर्षं ती एक गाडी माती एकटेच उचलून फिरत होते, हे मला माहीत नव्हतं.

"सगळ्या गावानं टाकली होती आबा," मी म्हणाले. "एका थरानं काही झालं नाही."

"गावाचं मला नगं सांगू. आपल्या घरावर म्या टाकली." त्यांनी काठीनं समोरची माती उकरली. "ती नगं म्हणत हुती."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. लहानपणापासून मी त्यांना असा हात लावला नव्हता. त्यांनी तो झटकला नाही, पण वळूनही पाहिलं नाही. आम्ही दोघं त्या जोत्यावर बसलो होतो आणि तरी मला वाटत होतं की ते तिथं एकटेच बसलेत.

उठताना त्यांनी विचारलं, "त्या डाक्टरच्या घरावर माती किती?"

"माती नाहीच. कौलं आहेत. खाली बांबूचा तट्ट्या."

"म्हंजी हलकं हाय."

"हलकं आहे. आणि सगळी दारं बाहेर उघडतात. कुठल्याही खाटेवरून उठलं की समोर दार, आणि दाराबाहेर चौक."

त्यांनी काठी उचलली. "मंग बांध," म्हणाले.

बांधकाम सोपं गेलं नाही. दगड घडवणारी माणसं देगलूरच्या पलीकडून आणावी लागली. त्यांचं आपसातलं बोलणं तेलुगूत चालायचं. आसपासचे लोक येऊन बघायचे आणि मान हलवायचे. "दगडाचं करायलेत," म्हणायचे. मजूर बायकांत एक निलंग्याकडची होती. दुपारच्या भाकरीला सगळ्या जणी नव्या भिंतीच्या सावलीत बसायच्या आणि ती एकटी उन्हात, पदर डोक्यावर ओढून. मी तिला एकदा विचारलं, तुमचं गाव कुठलं? तिनं सांगितलं ते भूकंपात पडलेल्या गावांपैकी होतं, पुढं काही विचारायची गरज उरली नाही. मीही माझा डबा घेऊन तिच्या शेजारी उन्हात बसायला लागले. कंत्राटदाराला ते विचित्र वाटायचं. ती ठेचा द्यायची, मी लोणचं द्यायचे.

भिंती मी ठेंगण्या ठेवल्या. दगड चुना-सिमेंटमध्ये बसवले, ठरावीक अंतरावर आरपार जाणारे लांब दगड घातले आणि जोत्याशी, खिडकीखाली आणि दारांच्या वर काँक्रीटचा पट्टा सगळीकडून फिरवून घेतला. आतून चुन्याचा गिलावा, म्हणजे भिंत ओल धरत नाही आणि बुरशी येत नाही. साण्याच्या जागी कौलांच्या माथ्याशी जाळीची फट ठेवली. गरम हवा वर जाऊन तिथून निघून जाते आणि चौकातली गार हवा दारातून आत येते. डॉक्टर काठी टेकत यायचे, एका खोलीत मधोमध उभे राहायचे आणि डोळे मिटून श्वास घ्यायचे. रुग्णाची छाती ऐकावी तसं ते ती खोली ऐकायचे. मग म्हणायचे, "ही बरी आहे. पुढची दाखवा."

सुरू झाल्यावर पहिली तक्रार एसी नसल्याची आली. दोन कुटुंबं सामान न उतरवताच परत गेली. डॉक्टरांच्या जावयानं सुचवलं की चौक झाकून वर दुसरा मजला घ्यावा, कोचिंगवाले भाड्यानं घ्यायला तयार आहेत. नांदेडलाही तेव्हा तेच वारं सुरू झालं होतं. डॉक्टर चिडले आणि त्या जावयाशी काही दिवस बोलले नाहीत. पण ज्या म्हाताऱ्या माणसांना मुलांनी जबरदस्तीनं तिथं उतरवलं, ती राहिली. सकाळी ओसरीत पाय पसरून बसायची, एकमेकांना गाव विचारायची. त्यांनी परत जाऊन कुणाकुणाला सांगितलं असणार, कारण पुढच्या थंडीत खोल्या भरलेल्या होत्या. त्याच थंडीत मी एकदा दोन दिवस पाहुणी म्हणून राहिले. कुणाला माहीत नव्हतं मी कोण ते. शेजारच्या खोलीतल्या बाईंनी मला विचारलं, "एकट्याच आलात?" मी हो म्हणाले, तर त्यांनी मला त्यांच्या डब्यातली दशमी दिली.

आबांना मी पुढच्या उन्हाळ्यात आणलं. त्यांना खोकला जडला होता आणि डॉक्टरांना दाखवायचं निमित्त होतं. लातूरहून एसटीनं आम्ही नांदेडला आलो, तिथून रिक्षानं विष्णुपुरीला. बाहेर डांबर वितळत होतं. डॉक्टरांनी त्यांना ओसरीतच तपासलं. दोघं म्हातारे पावसापाण्याचं बोलले. मग डॉक्टर गेले आणि मी आबांसाठी पाणी आणायला उठले.

परत आले तर ते ओसरीत नव्हते. पहिल्या खोलीचं दार उघडं होतं. ते आत, उंबऱ्यापासून चार पावलांवर उभे होते. एक हात भिंतीवर, पंजा पूर्ण टेकवलेला. मान वर करून छपराकडं बघत होते. मी दारातच थांबले. त्यांनी भिंतीवरून हात तसाच फिरवत नेला, कोपऱ्यापर्यंत, जिथं लांब दगडाचं टोक गिलाव्याबाहेर उघडं ठेवलंय तिथवर. मग बाहेर आले.

"गार हाय," म्हणाले.

"थोडा वेळ आत पडा ना आबा. प्रवास झालाय."

"न्हाई. मला न्हाई जमायचं." त्यांनी माझ्या हातातला तांब्या घेतला. "पण दुसऱ्यांना जमंल. चांगलं केलंस."

ते ओसरीतल्या बाजेवर आडवे झाले, चौकाकडं तोंड करून, आणि झोपले. मी खांबाला टेकून बसून राहिले. चौकात चिमण्या होत्या. कुणाच्या तरी खोलीतून रेडिओ ऐकू येत होता. माझ्या वडिलांना मी कुठल्याही घराच्या इतक्या जवळ झोपलेलं भूकंपानंतर पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी ते राहायला तयार झाले नाहीत. मी म्हणाले, मग माझ्याकडं लातूरला चला, औषधं संपेपर्यंत. त्यांनी आजवर माझी खोली एकदाच पाहिली होती. "तुझ्या त्या पेटीत?" ते म्हणाले. "तू तरी कशी ऱ्हातीस गं तिथं? दुसऱ्यांना हवा देतीस अन् सोता कोंडून घेतीस." मी त्यांना किल्लारीच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून त्यांनी हात केला नाही, नुसती मान हलवली.

त्यांचं बोलणं मला लागलं. वर्षभरात मी ती इमारत सोडली. रेणापूरच्या रस्त्याला, गावाबाहेर, थोडी जागा घेतली आणि दोन खोल्या बांधल्या, पुढं ओसरी आणि मागं अंगण. लोकांना ते रुचलं नाही. एकटी बाई, गावाबाहेर कशाला? लातूरचे मालक अजून येतात, याच प्लॉटात आणखी खोल्या बसवा म्हणतात. मी प्रत्येकाला चौकाचं सांगते. बहुतेक जण दुसऱ्या आर्किटेक्टकडं जातात. एकानं मात्र हॉस्टेलच्या मधोमध जागा मोकळी सोडली. मोठी नाही, पण तिथून आभाळ दिसतं.

दिवाळीला आबा येतात. खाट ओसरीत टाकतात. मी आत झोपते, दार उघडं ठेवून. आताशा ते मायचं नाव काढतात, असंच, मधेच. हे तिला आवडलं नसतं, किंवा ते तिला आवडलं असतं. मी हो म्हणते. ते गेले की घरात पुन्हा मी एकटीच असते, आणि संध्याकाळी वारा सुटला की मागचं दार आपोआप उघडतं. मी ते लावून घेत नाही.